दुकानदार, गिऱ्हाईक आणि उघडं कार्ड

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पावसाळ्यातल्या रविवारी पुण्याहून पानशेतला निघालेली गाडी खडकवासला ओलांडते, डोणजे फाट्यावर सिंहगडाकडे वळणाऱ्या गर्दीतून वाट काढते आणि जलाशयाच्या कडेकडेनं खानापूरच्या पुढे जाते. गाडीत चौघं असतील तर तिघं फोनमध्ये बघत असतात. जेवायला कुठे थांबायचं हे त्यांना ठरवायचं असतं आणि ठरवण्याचं साधन असतं चांदण्या. एका ठिकाणाला साडेचार, दुसऱ्याला साडेतीन. साडेतीनवाल्याच्या अंगणात चूल पेटलेली असते, भाकरी थापली जात असते, वास रस्त्यापर्यंत येत असतो. पण गाडी थांबत नाही. कारण दोन वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं : 'जेवण गार, मालक उद्धट, कुणी जाऊ नका.'

असं लिहावं का, लिहिलं तर त्याला उत्तर कसं द्यावं, याला हल्ली सोशल मीडियाचे शिष्टाचार म्हणतात. मोठ्या कंपन्यांत त्यासाठी वेगळी माणसं नेमलेली असतात. प्रश्न फोनमुळे उभा राहिला असं आपल्याला वाटतं. पण दुकानदार आणि गिऱ्हाईक यांनी एकमेकांविषयी चारचौघांत कसं बोलावं, हा प्रश्न बाजाराइतकाच जुना आहे. आपल्याकडे निरनिराळ्या काळांत त्याला निरनिराळी उत्तरं मिळाली आणि त्या सगळ्या उत्तरांत एक गोष्ट समान होती. दोघांच्या मध्ये कुणीतरी तिसरा असे. आज तो तिसरा दिसत नाही, आणि सगळी अडचण मला तिथेच वाटते.

पुण्याच्या पेठांपासून सुरुवात करू. पेशवाईत पुण्याचा कोतवाल चोर-दरोडेखोरांपुरता नव्हता. वजनं-मापं तपासणं, बाजारावर लक्ष ठेवणं हेही त्याच्याकडे असे. मालाच्या ठरलेल्या भावांच्या यादीला निरख म्हणत. भाव ही लपवायची गोष्ट नव्हती. आज एखाद्या साडीच्या किंवा तंबूच्या फोटोखाली गिऱ्हाईक 'किंमत काय?' असं विचारतं आणि विकणारा 'इनबॉक्समध्ये या' असं उत्तर देतो, तेव्हा मला त्या निरखाची आठवण होते. चारचौघांत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चारचौघांत देता येत नसेल, तर विचारणाऱ्याच्या मनात शंका यायचीच.

पेठ वसवताना तिथल्या बाजाराला शेटे आणि महाजन असत. ही वतनं होती. व्यापाऱ्यांची आपसातली भांडणं, बाजारातला मान, नव्या दुकानदाराला जागा अशा गोष्टींत त्यांचा शब्द चाले. वतनदारी काही दुधानं धुतलेली नव्हती. हक्काचा पैसा आणि मानपान यांवरून तिथेही वाद चालत, आणि कुणाचं गाऱ्हाणं ऐकून घेतलं जाईल हे तुमची जात आणि तुमचं वजन यांवरही ठरे. तेव्हा जुनं ते सोनं असं म्हणायचा माझा हेतू नाही. पण गाऱ्हाणं घेऊन जायला एक ओटा होता, त्यावर एक ओळखीचा माणूस बसलेला होता, आणि बोलणाऱ्याला आपलं नाव सांगून बोलावं लागे.

याहून सुंदर गोष्ट हुंडीच्या व्यवहारात सापडते. हुंडी म्हणजे एका गावच्या सावकारानं दुसऱ्या गावच्या सावकाराला लिहिलेली चिठ्ठी : ही घेऊन येणाऱ्याला एवढी रक्कम द्यावी. दाखवताच पैसे द्यायचे ती दर्शनी, ठरल्या दिवसांनी द्यायचे ती मुदती. शहाजोग हुंडी असेल तर पैसे बाजारातल्या प्रतिष्ठित, ओळखीच्या माणसालाच मिळत. हुंडी हरवली तर दुसरी प्रत लिहून देत, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. आता समजा, हुंडी घेऊन माणूस परगावी पोचला आणि तिथल्या सावकारानं पैसे द्यायला नकार दिला. लिहिणाऱ्याची पत गेली. बोंब मारायला कारण पुरेसं होतं. पण व्यापाऱ्यांनी यावर तोड काढलेली होती. हुंडीसोबत कधी कधी आणखी एक चिठ्ठी देत, तिला जिकरी चिठ्ठी म्हणत. ती त्याच गावच्या दुसऱ्या एखाद्या पेढीच्या नावानं असे. पहिल्यानं नाकारलं तर या पेढीकडे जावं, आणि तिनं लिहिणाऱ्याची अब्रू राखण्यासाठी रक्कम द्यावी.

जिकरी चिठ्ठीत माणसाच्या स्वभावाची केवढी समज आहे! व्यवहार कधीतरी फसणार, हे आधीच मान्य केलेलं आहे. फसला तर गिऱ्हाइकानं कुठे जायचं, हे त्याच्या हातात आधीच लिहून दिलेलं आहे. त्यामुळे त्याला चावडीवर जाऊन ओरडावं लागत नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर तक्रारीचा नंबर बिलावर छापलेला आहे आणि तो नंबर खरोखर उचलला जातो. हा दुसरा भाग महत्त्वाचा. नंबर छापणारे पुष्कळ असतात.

आणि पत पार गेलीच तर? दिवाळं निघालेला सावकार भर दिवसा पेढीवर दिवा लावून ठेवी, दिवाळं हा शब्द त्यावरूनच आला, असं सांगतात. व्युत्पत्ती खरी की लोकांनी रचलेली यावर पैज लावू नये. पण कल्पना मोलाची आहे. वाईट बातमी लोकांनी शोधून काढायच्या आत ज्याची त्यानं सांगायची, तीही सगळ्यांना दिसेल अशी. या दिव्याकडे आपण पुढे येणार आहोत.

इंग्रजी अंमलात टपाल आलं. १ जुलै १८७९ रोजी हिंदुस्थानात पोस्टकार्ड सुरू झालं. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. गरिबातल्या गरिबाला परगावी चार ओळी लिहिण्याची सोय झाली. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८७७ मध्ये, व्ही. पी. आली होती : माल पोस्टानं मागवायचा, पैसे पोस्टमनच्या हातात द्यायचे आणि मग पुडकं घ्यायचं. विकणारा मुंबईत, घेणारा कुठल्या तरी खेड्यात, दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही, तरी व्यवहार होई, कारण मध्ये पोस्टमन उभा असे. पुस्तकं, औषधं, घड्याळं अशी घरोघर गेली.

पण कार्डानं एक नवा पेच आणला. पाकिटातलं पत्र बंद असतं, कार्ड उघडं. पोस्टमन वाचतो, वाड्याच्या दिंडीत पडलं तर वरच्या मजल्यावरचे भाडेकरू वाचतात. लोकांनी त्याचे संकेत फार लवकर बसवले. दुःखाची बातमी असेल तर कार्डाचा कोपरा फाडलेला असे; तसं कार्ड हातात येताच माणूस खाली बसून घेई, मग वाचे. पोच, निरोप, भाव, माल निघाल्याची तारीख कार्डावर. उधारीचा तगादा, घरातली भांडणं, मुलीच्या लग्नाचं बोलणं पाकिटात, आणि १९५० नंतर अंतर्देशीय पत्रात. दुकानदारानं गिऱ्हाइकाला उधारीचा आकडा उघड्या कार्डावर लिहून पाठवणं म्हणजे त्याची अब्रू चव्हाट्यावर आणणं होतं. न्यायालयांपुढेही हा प्रश्न आला, आणि उघड्या कार्डावर लिहिणं म्हणजे तिसऱ्याला कळवणं असं त्यांनी मानलं. बदनामीचं कलम भारतीय दंड संहितेत १८६० पासून होतं, क्रमांक ४९९. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिथे ते कलम ३५६ झालं आहे. कलमाचा आकडा बदलला, कार्डाची जागा फोननं घेतली. पण उघड्यावर काय लिहायचं आणि झाकून काय लिहायचं, ही विद्या आपल्या आजीला येत होती आणि आपल्याला मात्र ती नव्यानं शिकावी लागते आहे.

कारण आजची गडबड बहुतेक वेळा याच एका गोष्टीत होते. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर खासगीत बोललेलं असतं, आणि दुकानदार त्या बोलण्याचा फोटो काढून सगळ्यांना दाखवतो. किंवा गिऱ्हाईक, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून वाढणाऱ्या पोराचा चेहरा चित्रित करून जगभर पाठवतं. मीठ हा हॉटेलचा विषय झाला. पोराचा चेहरा हा कोपरा फाडून बंद पाकिटातसुद्धा पाठवू नये असा विषय आहे.

आता पानशेत. पुणेकराला हे नाव सहलीचं म्हणून कळण्याआधी एका तारखेसाठी ठाऊक होतं : १२ जुलै १९६१. आंबी नदीवरचं हे मातीचं धरण तेव्हा पुरं झालेलं नव्हतं. तरीही त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठू दिलं गेलं. पाणी सोडण्याच्या मोरीचं आणि दारांचं काम अपुरं होतं. मोरीच्या वरचा भराव खचू लागला. आदल्या दिवशी आणि रात्रभर जवानांनी आणि मजुरांनी वाळूची पोती टाकून भिंत तोलून धरायची शिकस्त केली. सकाळी धरण फुटलं. ते पाणी खडकवासल्यावर आलं, दुपारी खडकवासल्याचंही धरण फुटलं, आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. माणसं पर्वतीकडे, मिळेल त्या उंचीकडे धावली. रात्रभर पोती टाकली जात असताना खालचं शहर झोपलेलं होतं. त्याला वेळेत पुरेशी सूचना मिळाली नाही. चौकशीसाठी न्यायमूर्ती बावडेकर यांची नेमणूक झाली. त्यांच्या दुर्दैवी मृत्यूनंतर ते काम न्यायमूर्ती वि. अ. नाईक यांच्याकडे गेलं. पुनर्वसनाची धुरा स. गो. बर्वे यांनी सांभाळली. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर, महर्षिनगर ही नावं आज पत्त्यात सहज येतात, पण त्यांच्या मुळाशी पूरग्रस्तांची वसाहत आहे.

त्या पुराचं पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला आजच्या विषयासाठी त्यातल्या दोनच गोष्टी हव्या आहेत. पहिली दुकानांची. पेठांतला किराणा तेव्हा वहीवर चाले. महिनाभर माल न्यायचा, पगार झाला की चुकता करायचा. वही दुकानात, आणि दुकान पाण्यात. अशी वही गेल्यावर अमक्याकडे किती बाकी हे सांगू शकणारी माणसं जगात दोनच उरतात : घेणारा आणि देणारा. कागद नाही, साक्षीदार नाही. दुकानदारानं फुगवून सांगितलं तर गिऱ्हाईक काय करणार, आणि गिऱ्हाइकानं कानांवर हात ठेवले तर दुकानदार काय करणार? अशा वेळी एकच भांडवल कामी येतं, ते म्हणजे इतक्या वर्षांत दोघं एकमेकांशी कसे बोलत आले. पत या शब्दाचा अर्थ बँकेच्या कागदापेक्षा अशा ओल्या दुकानात जास्त चांगला कळतो.

दुसरी गोष्ट त्या रात्रीची. ज्याला ठाऊक होतं त्यानं, ज्याच्यावर बेतणार होतं त्याला, वेळेवर सांगितलं नाही. धरण आणि खानावळ यांची तुलना हास्यास्पद वाटेल. पण भिंत खचते आहे हे आतल्या माणसाला आधी कळतं, हे दोन्हीकडे खरं आहे. मघाचा तो भर दिवसाचा दिवा आठवा. आपल्याकडून काही चुकतं आहे हे लोक लिहू लागण्याआधी धंदेवाल्यानं स्वतः सांगणं, यापेक्षा मोठा शिष्टाचार या क्षेत्रात मला दिसत नाही. पंपाची मोटर जळाली, आज खोल्यांत पाणी येणार नाही, ज्यांनी आगाऊ रक्कम भरली आहे त्यांनी हवं तर परत घ्यावी. सकाळी सात वाजता पाठवलेला एवढा निरोप संध्याकाळच्या पन्नास संतापलेल्या ओळी वाचवतो. पाणी सोडण्याच्या बाबतीत तर हा प्रश्न अजून संपलेला नाही. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्याचा विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, तेव्हा आम्हाला आधी कळलं नाही, हीच तिथल्या रहिवाशांची तक्रार होती. सूचना दिली होती, असं खात्याचं म्हणणं होतं. फोन प्रत्येकाच्या उशाशी असताना हा वाद व्हावा, याचा अर्थ निरोप पाठवणं आणि निरोप पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुराच्या नंतरच्या काळात गिऱ्हाइकाची बाजू घेणारा नवा तिसरा माणूस उभा राहिला, तोही पुण्यातच. महागाई, भेसळ आणि टंचाईच्या दिवसांत, १९७४ मध्ये, बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारच्या कुटुंबांचे गट करायचे, महिन्याचा माल एकत्र मागवायचा आणि वाटून घ्यायचा, अशी तिची रीत. यातून १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यासाठी वातावरण तयार व्हायला मदत झाली. २४ डिसेंबर हा ग्राहक दिन त्याच कायद्याच्या स्मरणाचा. या चळवळीनं मराठी मध्यमवर्गाला तक्रार लिहायला शिकवलं, ही तिची मला फार मोठी कामगिरी वाटते. बिल जपून ठेवा. तारीख लिहा. काय घेतलं, काय कबूल केलं होतं, काय मिळालं, आणि आता तुम्हाला नेमकं काय हवं आहे : बदली वस्तू, पैसे परत, की दिलगिरी? आधी दुकानदाराला लिहा, त्याला मुदत द्या, मग पुढे जा. कार्यकर्ता तुमचा कागद वाचून सांगे, यात राग आहे, तक्रार नाही. पुन्हा लिहून आणा.

वर्तमानपत्रातल्या वाचकांच्या पत्रांचंही तसंच. पत्राखाली नाव-पत्ता लागे, संपादक चार विशेषणं कापे, आणि समोरच्याचा खुलासा आला तर तोही छापे. आपण कुरकुर करायचो की आमचं पत्र अर्धं केलं. कापलेली ती विशेषणं आता सगळी परत आली आहेत.

पुण्याच्या दुकानदारीचा विषय निघाला आणि पाट्यांचं नाव घेतलं नाही तर श्रोते रागावतील. दुपारी १ ते ४ दुकान बंद राहील, घेतलेला माल परत घेतला जाणार नाही, विनाकारण चौकशी करू नये. यावर इतके विनोद झाले की त्यातला गुण दिसेनासा झाला. पाटी आपली अट आधी सांगते, सगळ्यांना सारखी सांगते, आणि ती कुणा एकाला उद्देशून नसते. नेमकी हीच पाटीची भाषा आज काही मंडळी फोनवरच्या उत्तरांत वापरतात आणि घोटाळा होतो. भिंतीवरच्या पाटीतला जो वाक्प्रहार मजेचा वाटतो, तोच नाव-गाव असलेल्या एका बाईच्या तक्रारीखाली लिहिला तर तो अपमान होतो. दुपारच्या सुट्टीवरच्या विनोदांतून चितळे बंधूंचं दुकान तर जगप्रसिद्ध झालं. त्यांनी विनोद करणाऱ्यांशी वाद घालत बसण्याऐवजी २०१७ मध्ये दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, आणि तीच बातमी पुन्हा फोनाफोनी फिरली. कृतीनं दिलेलं उत्तर इतकं गाजलेलं मी दुसरं पाहिलं नाही.

पाट्यांमध्येच एक वेगळा नमुना बँकांत आणि सरकारी कचेऱ्यांत टांगलेला असे. ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा माणूस आहे, अशा आशयाचा तो मजकूर, आणि खाली महात्मा गांधींचं नाव. काही ठिकाणी तो त्यांनी १८९० मध्ये दक्षिण आफ्रिकेत केलेल्या भाषणातला असल्याचंही सांगत. १८९० मध्ये गांधीजी लंडनमध्ये कायद्याचा अभ्यास करत होते. दक्षिण आफ्रिकेला ते गेले १८९३ मध्ये. न तपासता मजकूर पुढे पाठवण्याची सवय व्हॉट्सॲपनं लावली असं म्हणणाऱ्यांनी ही काचेची चौकट आठवावी. आणि गंमत अशी की, ज्या खिडकीवर ती टांगलेली असे, तिथेच आपल्याला 'जेवणाची सुट्टी झाली, नंतर या' असं ऐकू येई.

मग जाळं आलं. आधी फेसबुक, २००४ मध्ये, मग इतर. २००९ च्या जुलैत कॅनडातल्या डेव्ह कॅरल नावाच्या गायकानं एक गाणं यूट्यूबवर टाकलं. युनायटेड एअरलाइन्सच्या प्रवासात त्याची गिटार मोडली होती आणि भरपाईसाठी महिनोन्‌महिने त्याला या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवलं गेलं होतं. गाणं लाखो लोकांनी पाहिलं. एका गिऱ्हाइकाचा आवाज विमान कंपनीपेक्षा मोठा होऊ शकतो हे जगाला कळलं. पण लक्षात घ्या, तो गायक आधी सगळ्या खिडक्यांवर जाऊन आला होता. हा भाग सांगताना नेहमी गळतो. उलट बाजूचं उदाहरण २०१४ मधलं. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका छोट्या हॉटेलानं नियम केला की, लग्नाच्या पाहुण्यांपैकी कुणी वाईट अभिप्राय लिहिला तर यजमानाच्या अनामतीतून ५०० डॉलर कापू. बातमी फुटली आणि दोन-चार दिवसांत हजारो लोकांनी, ज्यांनी ते हॉटेल नकाशातही पाहिलं नव्हतं, त्याला एकेक चांदणी देऊन टाकली. २०१६ मध्ये अमेरिकेनं गिऱ्हाइकाचं तोंड असं करारानं बांधायला कायद्यानंच बंदी केली.

त्या हजारो लोकांचं वागणंही मला पटत नाही. जिथे आपण जेवलो नाही त्या ताटाला नावं ठेवायची नाहीत, ही साधी गोष्ट आहे. आपल्याकडे हा धंदाच झाला आहे : पैसे देऊन चांदण्या विकत मिळतात आणि शेजारच्याला वाईट म्हणवूनही घेता येतं. भारतीय मानक ब्यूरोनं नोव्हेंबर २०२२ मध्ये या अभिप्रायांसाठी एक मानक काढलं, आय. एस. १९०००. लिहिणारा खरा गिऱ्हाईक आहे का ते पडताळावं, विकत घेतलेले अभिप्राय छापू नयेत, वाईट अभिप्राय दडपू नयेत, असा त्याचा रोख. ते तेव्हा ऐच्छिक ठेवलं गेलं. जाहिरात मानक परिषदेनं २०२१ मध्ये सांगितलं की, पैसे किंवा फुकट पाहुणचार घेऊन कौतुक करणाऱ्यानं ती जाहिरात आहे हे लिहावं. पानशेत-वरसगावच्या बाजूला 'माझे एवढे फॉलोअर आहेत, दोन दिवस फुकट राहू द्या, चांगलं लिहितो' असं कुणी म्हणत आलं, तर मालकाला हा नियम तोंडपाठ असलेला बरा. फुकट ठेवायचं की नाही ते त्यानं ठरवावं, पण लिहिणाऱ्यानं तसं लिहिलंच पाहिजे.

ही माणसं कोण आहेत हेही पाहायला हवं. पानशेतच्या आणि वरसगावच्या पाण्याखाली गावं गेली. त्यांतली कितीतरी कुटुंबं दौंडकडच्या सपाटीवर हलवली गेली, काही वरच्या अंगाला सरकून राहिली. पानशेतचं धरण पुन्हा बांधून १९७२ मध्ये पुरं झालं. त्यात साडेदहा टीएमसीहून अधिक पाणी मावतं आणि ते पुण्याच्या नळाला येतं. भाताची खाचरं पाण्यात गेलेल्या या मुलखात, ज्याच्या मुख्य तालुक्याचं वेल्हे हे नाव बदलून राजगड करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला, पर्यटन हे पावसाळ्याच्या चार महिन्यांचं पीक आहे. राज्यानं २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, बँकेनं कर्ज दिलं, मालकानं दोन खोल्या बांधल्या. त्याच्याकडे उत्तरं लिहायला माणूस नाही. भाकरी थापणारी, हिशेब ठेवणारी आणि फोन उचलणारी एकच बाई असते. दऱ्यांत रेंज येते-जाते. रात्री अकराला नुसतं 'रेट?' एवढं लिहून, दहा मिनिटांत उत्तर नाही म्हणून चांदणी कापणाऱ्यानं, आपण कुणाच्या दारात उभे आहोत ते पाहावं. दारात गेलो असतो तर आधी 'अहो ताई' म्हटलं असतं, नाही का?

मात्र गरीब आहे म्हणून गिऱ्हाइकानं गप्प बसावं, हेही मला मान्य नाही. फोटोत दाखवलेला तलावकाठ प्रत्यक्षात अर्धा कोस दूर असेल, बोटीत बसताना जीवरक्षक जाकीट दिलं नसेल, तर ते लिहिलंच पाहिजे, आणि जाकिटाचं तर त्याच दिवशी. फक्त ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्याला दाखवता येईल असं लिहावं. 'मालक उद्धट' यातून पुढच्या माणसाला काही कळत नाही. 'शनिवारी दुपारी अडीचला पोचलो, आधी सांगूनही जेवण चारला मिळालं, विचारल्यावर नीट उत्तर दिलं नाही' यातून कळतं. आणि त्याखाली मालकानं 'तुमच्यासारखी गिऱ्हाइकं नकोतच' असं लिहिण्याऐवजी लिहावं, 'त्या दिवशी दोन मोठे गट एकदम आले, आमचा अंदाज चुकला. तुमचा नंबर आमच्याकडे आहे, संध्याकाळी फोन करतो.' पहिली दोन वाक्यं सगळ्यांसाठी, तिसरं त्या एकासाठी. पुढचं बोलणं पाकिटात. आणि फोन मात्र करावा.

एक गोष्ट राहिली. वाण्याच्या वहीत उधारी फिटली की त्या नोंदीवर रेघ मारली जाई, आणि दिवाळीत नवी चोपडी पुजताना जुन्यातली फक्त खरोखरची बाकी पुढे ओढली जाई. फिटलेलं कर्ज दर वर्षी पुन्हा वाचून दाखवायची पद्धत नव्हती. गूगलवर लिहिलेला अभिप्राय लिहिणाऱ्याला नंतर बदलता येतो. मालकानं उत्तर दिलं, मोटर दुरुस्त केली, पैसे परत केले, तर त्याच अभिप्रायाखाली 'नंतर निकाल लागला' एवढं लिहायला अर्धं मिनिट लागतं. सोय आहे, फुकट आहे, आणि ती वापरणारे फार थोडे. खानापूरच्या पुढच्या त्या अंगणातलं दोन वर्षांपूर्वीचं गार जेवण कदाचित केव्हाच गरम झालेलं असेल. नोंदीवर अजून कुणी रेघ मारलेली नाही.